नव्याने करारबद्ध झालेला कॉर्नरबॅक कसा पारखावा

दर मार्च महिन्यात एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, फ्री एजंट, म्हणजे जुन्या करारातून मोकळ्या झालेल्या, खेळाडूंचा बाजार उघडला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच अनेक कॉर्नरबॅक (बचावफळीतले कडेचे खेळाडू) नव्या संघांशी करार करतात आणि त्या-त्या संघाचे चाहते त्याच संध्याकाळी निकाल देऊन मोकळे होतात. या निकालाला बहुधा दोनच गोष्टींचा आधार असतो. एक म्हणजे कराराची रक्कम आणि दुसरी म्हणजे मागच्या हंगामातली इंटरसेप्शन, अर्थात प्रतिस्पर्ध्याने फेकलेले किती चेंडू त्याने मधेच झेलले हा आकडा. या दोहोंवरून किती कमी कळते, हे पाहायचे असेल तर दोन करार शेजारी ठेवावेत.

मार्च २०१७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने बफलो बिल्सकडून खेळणाऱ्या स्टीफन गिलमोरशी पाच वर्षांचा साडेसहा कोटी डॉलरचा करार केला. मार्च २०२२ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सने पेट्रियट्सकडून खेळणाऱ्या जे. सी. जॅक्सनशी पाच वर्षांचा सव्वाआठ कोटी डॉलरचा करार केला. दोघेही तेव्हा २६ वर्षांचे होते आणि दोघांच्याही हमीच्या, म्हणजे संघाने काढून टाकले तरी मिळणाऱ्या, रकमेचा जाहीर झालेला आकडा चार कोटी डॉलरच्या आसपास होता. त्या-त्या वर्षीच्या वेतनमर्यादेशी, म्हणजे संघाला खेळाडूंवर खर्च करता येणाऱ्या कमाल रकमेशी, ताडून पाहिले तर दोघांची वार्षिक सरासरीही जवळजवळ सारखीच, म्हणजे आठ टक्क्यांना किंचित कमी भरते. बाजाराच्या काट्यावर दोघांचे वजन सारखेच होते म्हणायचे. पुढे गिलमोर २०१९ च्या हंगामात लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. जॅक्सन मात्र चार्जर्सकडून पहिल्या हंगामात पाचच सामने खेळू शकला आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, किरकोळ ड्राफ्ट निवडींच्या (नवोदित खेळाडू निवडण्याच्या हक्कांच्या) बदल्यात पुन्हा पेट्रियट्सकडे परत गेला. जॅक्सनचा करार जाहीर झाला तेव्हा प्रस्तुत लेखकही त्याची चार हंगामांतली २५ इंटरसेप्शन मोजून समाधान पावलेल्यांपैकीच एक होता, त्यामुळे पुढचे विवेचन थोडे स्वतःच्या चुकीतून आलेले आहे.

आधी काम पाहावे, मग कामगार

कॉर्नरबॅक हा बचावफळीतला कडेचा पहारेकरी असतो. प्रतिस्पर्ध्याचा वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलण्यासाठी धावणारा खेळाडू, ज्या बाजूला उभा राहतो त्या बाजूला, मैदानाच्या सीमारेषेजवळ, तो त्याच्यासमोर उभा असतो. कबड्डीतल्या कोपरारक्षकाची आठवण येणे साहजिक आहे, पण दोघांत एक मोठा फरक आहे. कबड्डीतल्या कोपऱ्याला साखळीची सोबत मिळते, तर कॉर्नरबॅक पुष्कळदा २५-३० यार्डांच्या मोकळ्या पट्ट्यात एकटाच असतो आणि समोरच्याला आपण कुठे जाणार हे ठाऊक असते, त्याला नसते.

नवा खेळाडू चांगला आहे का, असा प्रश्न थेट विचारण्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. नवा संघ त्याला कोणते काम देणार आहे आणि ते काम त्याने याआधी केले आहे का, असे दोन प्रश्न लागोपाठ विचारावे लागतात. त्यासाठी कव्हरेजच्या, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवण्याच्या, प्रकारांची तोंडओळख हवी.

मॅन कव्हरेजमध्ये कॉर्नरबॅकला एक रिसीव्हर नेमून दिलेला असतो आणि तो जाईल तिथे त्याची सावली होऊन जायचे असते. अशा वेळी त्याची नजर रिसीव्हरच्या कमरेवर असते, कारण डोके आणि खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही. झोन कव्हरेजमध्ये त्याच्याकडे मैदानाचा एक पट्टा असतो आणि नजर क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूकडे, लावून, आपल्या पट्ट्यात कोण शिरते याचा कानोसा घेत, चेंडू हातातून सुटताच झेप घ्यायची असते. झोनमध्येही पोटप्रकार आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. कव्हर २ मध्ये दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू, पाठीमागचे मैदान अर्धे-अर्धे वाटून घेतात, त्यामुळे कॉर्नरबॅकने पुढे, उथळ भागात थांबून रिसीव्हरला धक्का द्यायचा आणि चेंडू घेऊन धावत येणाऱ्या रनिंग बॅकला अडवायचे असते. कव्हर ३ मध्ये मैदानाचा खोल एक-तृतीयांश भाग त्याच्या ताब्यात असतो, म्हणून डोक्यावरून काही जाऊ द्यायचे नाही हे पहिले पथ्य. कव्हर ४, ज्याला क्वार्टर्स म्हणतात, त्यात रिसीव्हर सरळ खोलवर धावला तर झोनचे रूपांतर जवळजवळ मॅनमध्ये होते. एकाच खेळाडूला ही चारही कामे सारखीच जमतात असे क्वचितच घडते.

या बाबतीत नामदी असोमुघा याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ओकलंड रेडर्सकडे असताना तो बहुतांशी उजव्या बाजूला उभा राहून, रिसीव्हरच्या तोंडासमोर जाऊन, मॅन कव्हरेज खेळत असे. २००६ मध्ये त्याने आठ इंटरसेप्शन घेतली आणि त्यानंतर प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकनी त्याच्या दिशेने चेंडू टाकणेच जवळजवळ सोडून दिले. जुलै २०११ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला पाच वर्षांसाठी सहा कोटी डॉलर देऊ केले. त्या वर्षीची वेतनमर्यादा १२ कोटींच्या आसपास होती, म्हणजे वार्षिक सरासरी दहा टक्के. फिलाडेल्फियात मात्र त्याला झोनमध्ये उभे केले गेले, कधी आत, कधी बाहेर, कधी सेफ्टीच्या जवळपास. त्या बचावाची सूत्रे त्या वर्षी हुआन कॅस्टिलो यांच्या हाती होती आणि ते आदल्या हंगामापर्यंत त्याच संघाच्या आक्रमणफळीचे, नेमके सांगायचे तर ऑफेन्सिव्ह लाइनचे, प्रशिक्षक होते. ही नेमणूक वाचून तेव्हाच कपाळाला आठ्या पडायला हव्या होत्या. दोन हंगामांनंतर, मार्च २०१३ मध्ये, ईगल्सने असोमुघाला मुक्त केले. करारावेळी त्याचे वय ३० होते, हेही विसरता येत नाही, परंतु वयाने जेवढे नेले त्याहून जास्त कामाच्या बदलाने नेले, असे त्या दोन हंगामांचे चित्रण पाहताना वाटत राहते.

डॅरेल रेव्हिसच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. २०१३ मध्ये टॅम्पा बे बकनियर्सने त्याला मोठ्या किमतीला आणले आणि पुष्कळदा झोनमध्ये खेळवले. एका हंगामानंतर त्याला सोडले, पेट्रियट्सने एका वर्षासाठी घेतले, समोरच्याचा रिसीव्हर त्याच्या हवाली केला आणि त्या हंगामाच्या शेवटी संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. टॅम्पात तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून नुकताच सावरत होता हे खरे, पण खेळाडू तोच आणि मधले अंतर अवघ्या एका वर्षाचे होते.

तेव्हा पहिली पायरी अशी की नव्या संघाच्या बचाव-समन्वयकाने मागच्या दोन हंगामांत मॅन आणि झोन यांचा वापर कोणत्या प्रमाणात केला ते शोधावे. सामन्यांचे स्नॅपवार, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या प्रत्येक वेळेचे, विश्लेषण करणाऱ्या अनेक सेवा हे प्रमाण प्रसिद्ध करतात आणि त्यांच्या आकड्यांत दोन-चार टक्क्यांचा फरक असला तरी कल कळायला तेवढे पुरते. समन्वयक नवा असेल तर तो ज्या संघातून आला तिथले आकडे पाहावेत, कारण माणूस गाव बदलतो, सवयी सहसा बदलत नाही. त्याच बरोबर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. हा खेळाडू एकाच बाजूला उभा राहतो की प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम रिसीव्हरमागे मैदानभर फिरतो, ही पहिली. आणि त्याला स्लॉटमध्ये, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला, खेळवले जाणार आहे का, ही दुसरी. बाहेरच्या कॉर्नरबॅकला सीमारेषा ही फुकटची मदतनीस मिळते. स्लॉटमध्ये रिसीव्हरला डावी-उजवी दोन्ही दारे उघडी असतात आणि धावत्या चेंडूची गर्दीही तिथेच होते. बाहेर यशस्वी ठरलेल्या खेळाडूला आत ढकलण्याची योजना जाहीर झाली, तर ती बातमी आनंदाची समजू नये.

चित्रण कसे पाहावे

दूरचित्रवाणीवरच्या प्रक्षेपणातून कॉर्नरबॅक पारखता येत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, स्नॅपनंतर दोन सेकंदांत कॉर्नरबॅक चौकटीबाहेर जातो आणि थेट चेंडू हवेत असतानाच पुन्हा दिसतो. म्हणजे आपल्याला गुन्हा दिसतो, पण त्याआधीचे काही दिसत नाही. भारतात बसून रविवारी रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरात घड्याळे बदलल्यावर साडेअकराला, सुरू होणारे सामने जागून पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तर डोळ्यांवरची झोप सांभाळून या अर्धवट पुराव्यावरच निकाल द्यावा लागतो. यासाठी ऑल-२२ नावाचे, बावीसही खेळाडू दिसतील अशा उंचीवरून केलेले चित्रण पाहावे. प्रशिक्षक तेच पाहतात आणि लीगच्या सशुल्क योजनेत ते सामान्य प्रेक्षकालाही मिळते.

कोणते सामने निवडावेत याला मोठे महत्त्व आहे. सर्वोत्तम झटक्यांची तीन मिनिटांची चित्रफीत पूर्णपणे टाळावी, कारण तिच्यात प्रत्येक खेळाडू मोठाच दिसतो. त्याऐवजी मागच्या हंगामातले निदान तीन पूर्ण सामने घ्यावेत. एक खरोखर वेगवान, पहिल्या प्रतीच्या रिसीव्हरविरुद्धचा, एक ज्या दिवशी त्याचे नाव वाईट कारणाने गाजले असा, आणि एक अगदी साधा, कुणाच्या लक्षात न राहिलेला. तिसऱ्या प्रकारातून सर्वांत जास्त शिकायला मिळते, असा अनुभव आहे.

पाहताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी आणि प्रत्येक पासिंग प्लेला, म्हणजे चेंडू फेकण्याच्या प्रत्येक चालीला, एक ओळ लिहावी. चेंडू त्याच्याकडे टाकला गेला की नाही, याचा त्या ओळीशी संबंध नसावा. एका सामन्यात तिसेक पास-प्ले असतात आणि त्याच्या दिशेने चार-सहाच चेंडू येतात. उरलेल्या पंचवीस प्लेंत तो काय करत होता, हे पाहिले नाही तर आपण पंचवीस पानांचे पुस्तक सोडून मलपृष्ठ वाचल्यासारखे होते.

प्रथम कव्हरेज ओळखावे. स्नॅपआधी आक्रमणाचा एखादा खेळाडू एका बाजूकडून दुसरीकडे चालत गेला आणि बचावपटू त्याच्या मागोमाग निघाला, तर बहुधा मॅन आहे. बचावपटू आपापल्या जागी किंचित सरकले तर बहुधा झोन. कॉर्नरबॅकचे खांदे आत, क्वार्टरबॅककडे वळलेले असले तरी झोनचाच संशय घ्यावा. हा अंदाज दर वेळी बरोबर येत नाही, कारण फसवणूक हाच बचावाचा धंदा आहे, पण दहा-पंधरा प्लेंनंतर डोळा बसतो.

मग पाय पाहावेत. समजा तिसरे डाउन आहे (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), आणखी सात यार्ड पुढे जायला हवे आणि आपला खेळाडू रिसीव्हरपासून हातभर अंतरावर, ज्याला प्रेस म्हणतात तशा पवित्र्यात उभा आहे. स्नॅप होताच रिसीव्हर आत जाण्याची हूल देतो. कच्चा कॉर्नरबॅक इथेच दोन्ही हात पुढे करून झेपावतो, त्याचे वजन टाचांवरून पंज्यांपुढे जाते आणि रिसीव्हर बाहेरून निसटतो. पक्का खेळाडू एक छोटे पाऊल मागे सरकतो, हुलीला भुलत नाही आणि रिसीव्हर प्रत्यक्ष बाहेरच्या वाटेला लागला की जवळचा एकच हात त्याच्या छातीवर ठेवतो. त्यानंतर कंबर वळते. पाठीमागे धावणारा माणूस पुढे धावू लागतो तो हा क्षण. या वळणात एक पाऊल जास्त गेले की रिसीव्हर एक यार्ड पुढे गेलाच म्हणून समजावे. वळण झाल्यावर कॉर्नरबॅक रिसीव्हरला हळूहळू सीमारेषेकडे रेटतो, म्हणजे चेंडू टाकायला जागा उरते ती रिसीव्हर आणि रेषा यांच्यामधल्या बोळाएवढीच. आता रिसीव्हर बारा यार्डांवर एकदम थांबून मागे वळतो. या थांबण्याला कॉर्नरबॅकला किती पावले लागली, ती मोजावीत. दोन-तीन पावलांत तो थांबला तर क्वार्टरबॅक दुसरीकडे पाहतो, प्रक्षेपणात आपल्याला काहीच दिसत नाही आणि आकडेवारीतही काही नोंदले जात नाही. हीच त्याची खरी कमाई असते.

खोलवर टाकलेल्या चेंडूत शेवटची कसोटी लागते. रिसीव्हरच्या बरोबरीने धावत असताना डोके वळवून चेंडू शोधणे ही एक कला आहे आणि ती न जमल्यामुळे लीगमधले कितीतरी वेगवान खेळाडू मागे राहिले. जो रिसीव्हरच्या अंगाला लागून आहे त्याने डोके वळवावे, जो एक पाऊल मागे पडला आहे त्याने वळवू नये, तर रिसीव्हरच्या हातांवर नजर ठेवून ते वर उठताच त्यांत आपला हात घालावा, असा साधारण दंडक आहे. आपला खेळाडू या दोन परिस्थितींतला फरक ओळखतो का, हे तीन सामन्यांत निश्चित दिसते.

नजरेचे काम कसे असते हे पाहायचे असेल तर ५३ व्या सुपर बोलमधला गिलमोरचा प्ले पाहावा. फेब्रुवारी २०१९, अटलांटा, पेट्रियट्स दहा विरुद्ध तीन असे पुढे आणि सव्वाचार मिनिटे उरलेली. पेट्रियट्सने सेफ्टी ड्यूरॉन हार्मनला क्वार्टरबॅकवर सोडले, त्याला कोणी अडवले नाही आणि प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने मागच्या पायावर भार देत, उंच चेंडू टाकला. गिलमोर त्या वेळी रिसीव्हरपासून अंतर ठेवून उभा होता आणि त्याचे डोळे पूर्णवेळ गॉफवर होते, म्हणून चेंडू सुटल्याबरोबर तो त्याच्या खाली जाऊन पोहोचला आणि चार यार्डांच्या रेषेवर त्याने तो झेलला. झेल सोपा दिसतो. तो सोपा दिसण्याचे श्रेय अर्धे हार्मनचे आणि अर्धे उभे राहण्याच्या जागेचे आहे.

मैदानाच्या मापाचे एक गणितही डोक्यात असू द्यावे. एनएफएलचे मैदान १६० फूट रुंद आहे आणि दोन्ही हॅश रेषा (प्रत्येक प्लेआधी चेंडू ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या मध्ये ठेवतात त्या खुणा) कडेपासून ७० फूट ९ इंचांवर आहेत. चेंडू एका हॅशवर ठेवला असेल तर जवळच्या कॉर्नरबॅकच्या बाजूला साधारण २४ यार्ड जागा असते, तर दूरच्या कॉर्नरबॅकच्या बाजूला ३० यार्ड. आपला खेळाडू रुंद बाजूला किती वेळा उभा राहिला आणि तिथे त्याची दमछाक झाली का, याची नोंद वेगळी ठेवावी.

आकडे आणि त्यांचे सापळे

इंटरसेप्शन हा आकडा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत चंचल असतो. डॅलस काउबॉइजच्या ट्रेव्हन डिग्जने २०२१ मध्ये ११ इंटरसेप्शन घेतली, पण त्याच हंगामात सर्वाधिक यार्ड देणाऱ्या कॉर्नरबॅकांतही त्याचे नाव वर होते, कारण चेंडूवर झेप घेण्याचा जुगार तो सतत खेळत असे. पुढच्या हंगामात त्याच्या नावावर तीनच लागली. त्याच संघाच्या डारॉन ब्लँडने २०२३ मध्ये पाच इंटरसेप्शन थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाशी गुण मिळेपर्यंत, नेण्याचा लीगविक्रम केला. पुढच्या हंगामाचा बराच भाग पायाच्या दुखापतीत गेला आणि त्याला एकही इंटरसेप्शन मिळाले नाही. क्रिकेटमध्ये एखाद्या गोलंदाजाचे बळी पाहून त्याने दिलेल्या धावा न पाहणे जसे, तसेच हे.

असोमुघाकडे पुन्हा वळावे लागते. २००७ ते २०१० या चार हंगामांत मिळून त्याला तीन इंटरसेप्शन मिळाली आणि त्या काळात तो लीगमधला सर्वांत धाक असलेला कॉर्नरबॅक मानला जात होता. फिलाडेल्फियातल्या पहिल्या एकाच हंगामात त्याला तीन मिळाली आणि तो हंगाम निराशेचा मानला गेला. चेंडू त्याच्याकडे येऊ लागले होते, एवढाच त्या वाढीचा अर्थ होता.

म्हणून पहिला आकडा पाहायचा तो किती वेळा लक्ष्य केले गेले हा, आणि तोही एकूण नव्हे तर जितक्या स्नॅपना तो कव्हरेजमध्ये होता त्यांच्या तुलनेत. दर पाच-साडेपाच स्नॅपना एकदा चेंडू येत असेल तर क्वार्टरबॅक त्याला शोधत आहेत, आणि दर आठ स्नॅपना एकदा येत असेल तर टाळत आहेत, असे स्थूलमानाने समजावे. दुसरा उपयुक्त आकडा म्हणजे कव्हरेजच्या दर स्नॅपमागे दिलेले यार्ड. एक यार्डाच्या खाली राहणारा बाहेरचा कॉर्नरबॅक निश्चितच चांगला आहे. मात्र त्याच्या दुसऱ्या बाजूला कोण होता हेही पाहावे, कारण शेजारी कच्चा असला की चेंडू आपोआप तिकडेच जातात आणि आपला खेळाडू बसल्या जागी मोठा ठरतो.

त्याच्याविरुद्धचे पासर रेटिंग (त्याच्या दिशेने फेकताना क्वार्टरबॅक किती यशस्वी ठरले याचे माप) हा आकडा फार वापरला जातो आणि तो जपून वापरावा. त्या सूत्राची एक गंमत अशी की क्वार्टरबॅकने प्रत्येक चेंडू जमिनीवर आपटला तरी रेटिंग ३९.६ येते. एखाद्या कॉर्नरबॅकविरुद्धचे रेटिंग त्याहूनही कमी आहे असे वाचले, तर त्याचा अर्थ त्यात इंटरसेप्शनचा वाटा मोठा आहे एवढाच घ्यावा, आणि तो वाटा पुढच्या वर्षी टिकत नाही हे वर पाहिलेच आहे. शिवाय झोनमध्ये एखादा झेल नेमका कोणाच्या खात्यावर टाकायचा हे मोजणारा ठरवतो आणि दोन मोजणाऱ्यांचे एकमत होत नाही.

आजूबाजूची माणसे

बायरन मॅक्सवेल सिएटल सीहॉक्सच्या गाजलेल्या बचावफळीत रिचर्ड शर्मनच्या विरुद्ध बाजूला खेळत असे आणि पाठीमागे अर्ल थॉमससारखा सेफ्टी होता. २०१५ मध्ये ईगल्सने त्याला सहा वर्षांचा सहा कोटी ३० लाख डॉलरचा करार दिला. पहिल्याच सामन्यात अटलांटाच्या जुलिओ जोन्सने नऊ झेल, १४१ यार्ड आणि दोन टचडाउन अशी कामगिरी केली आणि त्यातला मोठा भाग मॅक्सवेलच्या नाकासमोर घडला. वर्ष पुरे होताच त्याची रवानगी मायामीला झाली. असोमुघानंतर चारच वर्षांनी त्याच संघाने तशीच खरेदी पुन्हा करावी, याचे नवल वाटते.

नव्या संघातला सेफ्टी किती मैदान राखतो आणि पुढची फळी क्वार्टरबॅकवर किती लवकर पोहोचते, याचे उत्तर म्हणून आधी लिहून ठेवावे. अडीच सेकंद रिसीव्हरला धरून ठेवणे आणि चार सेकंद धरून ठेवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दुसरे काम जगातल्या कोणालाही सातत्याने जमत नाही.

दंडांचा हिशेब थोडक्यात उरकता येतो. १९७८ पासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवण्यास बंदी आहे आणि हा गुन्हा किंवा होल्डिंग, म्हणजे रिसीव्हरला धरून ठेवणे, झाल्यास प्रतिस्पर्ध्याला पाच यार्ड आणि नवे पहिले डाउन मिळते. पास इंटरफिअरन्स (चेंडू हवेत असताना रिसीव्हरला अडवणे) मात्र जिथे घडला तिथेच चेंडू ठेवला जात असल्याने चाळीस यार्डांचाही पडू शकतो. म्हणून दंडांची संख्या न मोजता प्रकार मोजावेत. आरंभी हात जास्त वापरल्याने पडणारे दंड प्रशिक्षणाने कमी होतात, पण खोलवर मागे पडून घाबरून ओढल्याने पडणारे दंड वेग कमी झाल्याचे सांगतात.

टॅकलिंगकडे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याकडे, प्रेक्षक फारसे पाहत नाहीत. कव्हर २ किंवा क्वार्टर्स खेळणाऱ्या संघात कॉर्नरबॅकने अंग चोरून चालत नाही. बाहेरून येणाऱ्या धावेवर तो स्वतःहून पुढे जातो की ब्लॉक करणाऱ्याच्या आड थांबून दुसऱ्याची वाट पाहतो, ते चौथ्या क्वार्टरमध्ये, संघ पिछाडीवर असताना, पाहावे.

कराराचा कागद

एकूण रक्कम ही बातमीसाठी असते. कॉर्नरबॅकच्या मूल्यमापनात तीन गोष्टी पाहाव्यात. करारावर सही होतानाच पूर्ण हमी किती, वार्षिक सरासरी त्या वर्षीच्या वेतनमर्यादेच्या किती टक्के, आणि संघाला फारशी झळ न लागता कोणत्या मार्चमध्ये बाहेर पडता येईल. टक्केवारीचा उपयोग असा की वेगवेगळ्या काळांतले करार एका मापाने मोजता येतात. २०२५ मध्ये वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती आणि पेट्रियट्सने कार्लटन डेव्हिसला तीन वर्षांचे सहा कोटी दिले, म्हणजे सरासरी सात टक्क्यांच्या थोडी वर. आकडा गिलमोरच्या वार्षिक एक कोटी ३० लाखांपेक्षा कितीतरी मोठा, पण वजन कमी. साइनिंग बोनसचा, म्हणजे सही करताना मिळणाऱ्या रकमेचा, खर्च संघ जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून दाखवू शकतो, म्हणून पाच वर्षांचा करार म्हणजे पाच वर्षांचा विश्वास असे मानू नये. बहुतेक करारांत दोन हंगामांनंतरचे दार उघडे ठेवलेले असते. दहा टक्क्यांजवळ जाणारा कॉर्नरबॅक सेफ्टीच्या मदतीशिवाय प्रतिस्पर्ध्याचा मुख्य रिसीव्हर एकट्याने सांभाळणारा असावा, आणि पाच-सहा टक्क्यांचा खेळाडू एक बाजू बिनबोभाट चालवणारा असला तरी पैसे वसूल झाले म्हणावे.

वय आणि दुखापती यांकडे एकत्र पाहावे. तिशी हा या जागेवरचा उंबरठा मानला जातो आणि तो ओलांडणाऱ्याकडे वेगाऐवजी वाचनशक्ती असावी लागते. जॅक्सनच्या बाबतीत पहिला हंगाम सुरू होण्याआधीच घोट्याची शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबरमध्ये एका सामन्याच्या मध्यंतरानंतर त्याला बसवले गेले आणि पुढच्याच सामन्यात गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध तुटला. न्यू इंग्लंडमधले मॅन कव्हरेजचे वळण आणि चार्जर्सची दोन सेफ्टी खोल ठेवणारी झोनप्रधान पद्धत यांच्यातले अंतर तो कापू शकला असता का, हे मग धड कळलेच नाही.

निकाल कधी द्यावा

ऑगस्टमधल्या सराव सामन्यांवरून काहीही ठरवू नये. नियमित हंगामाच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत नोंदी कराव्यात, पण त्यांचे दोन कप्पे करावेत. एकट्याच्या लढतीत हरलेले प्ले एका कप्प्यात टाकावेत आणि समजुतीच्या घोटाळ्यातून मोकळे सुटलेले रिसीव्हर दुसऱ्यात. दुसऱ्या प्रकारात चित्रण थांबवून पाहिले तर दोन बचावपटू एकमेकांकडे हात दाखवताना हमखास दिसतात. असे घोटाळे नव्या भाषेत बोलताना होणाऱ्या चुकांसारखे असतात आणि कमी होत जातात. पहिल्या कप्प्यातले प्ले मात्र ऑक्टोबरअखेर कमी झाले नाहीत तर चिंता करावी.

२०१७ मध्ये गिलमोरच्या नव्या संघाने पहिल्या चार सामन्यांत १२८ गुण दिले, म्हणजे सामन्याला ३२. चौथ्या सामन्यात, कॅरोलायना पँथर्सविरुद्ध, शेवटच्या चढाईत तिसऱ्या डाउनला क्वार्टरबॅक पाडला गेला होता, पण गिलमोरवर हाताच्या बेकायदा वापराचा दंड पडला, चढाई जिवंत राहिली आणि पँथर्सने शेवटच्या किकवर सामना ३३-३० असा जिंकला. त्या आठवड्यात त्याच्या कराराला वाया गेलेला पैसा म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती. उरलेल्या बारा सामन्यांत त्याच बचावाने सरासरी १४ गुण दिले. जानेवारीत, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्धच्या एएफसी (लीगच्या दोन विभागांपैकी एक) अंतिम सामन्यात, दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना चौथ्या डाउनला ब्लेक बोर्टल्सने डीडी वेस्टब्रुककडे लांब चेंडू टाकला. गिलमोर त्याच्या बरोबरीने धावत होता. त्याने डोके वळवले, उडी मारली आणि ताणलेल्या हाताच्या बोटांनी चेंडू बाजूला सारला. त्या दिवशीच्या नोंदीत त्याच्या नावावर इंटरसेप्शन नाही.